टायगरफिशचा जबडा आणि त्याच्या मापाने चालणारी नदी

टायगरफिश या आफ्रिकेतल्या नद्यांमधल्या शिकारी माशाचा फोटो पाहिला की पहिला समज असा होतो की हा मासा लचके तोडून खात असणार. मिटलेल्या तोंडाबाहेर डोकावणारे सुळे पाहून पिरान्हाच आठवतो. प्रत्यक्षात टायगरफिशचे दात शिकार घट्ट धरण्यासाठी आहेत. मासा दातांत अडकवायचा, तोंडातल्या तोंडात फिरवून नीट लावून घ्यायचा आणि अख्खा गिळायचा, हा याचा बहुतेक वेळचा कारभार. गळाला लागलेला दुसरा एखादा मासा बोटीकडे ओढत आणताना टायगरफिशने मागचा अर्धा भाग छाटून नेला, असंही आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर होतं. पण तो अडकलेला, पळता न येणारा मासा असतो. पळणाऱ्या शिकारीच्या बाबतीत नियम गिळण्याचाच.

जो गिळतो त्याला एक मर्यादा असते: तोंडात मावेल तेवढंच. टायगरफिशच्या पोटात सापडणारे मासे बहुधा त्याच्या स्वतःच्या लांबीच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतात. चाळीस टक्क्यांच्या पुढे ते क्वचितच जातात. म्हणजे अर्ध्या मीटरच्या टायगरफिशसमोर वीस-बावीस सेंटीमीटरचा मासा जवळजवळ निर्धास्त, आणि दहा सेंटीमीटरचा मासा आयता घास. आफ्रिकेतल्या अनेक नद्यांमध्ये कोणता मासा कुठे राहतो, अंडी कधी घालतो, पिल्लं किती दिवस गवतात काढतात, याचं बरंचसं गणित या एका मापाशी बांधलेलं आहे. ते कसं, हे समजण्यासाठी आधी मासा नीट ओळखायला हवा.

पाच भाऊबंद

टायगरफिश ही एकच जात नाही. हायड्रोसायनस या प्रजातीत सध्या पाच जाती धरतात. जनुकीय तपासण्यांमधून आणखी काही वेगळ्या शाखा असाव्यात असं दिसतं, पण तो हिशेब अजून मिटलेला नाही. कूळ अ‍ॅलेस्टिडी, म्हणजे काचपेटीत ठेवतात त्या शांत, रंगीत काँगो टेट्राचंच. पिरान्हाशी नातं आहे, पण गण एकच असण्याइतपत, लांबचं.

सगळ्यांत जास्त पसरलेली जात हायड्रोसायनस व्हिटाटस. झांबेझी, ओकावांगो, लिंपोपो इथपासून वर नायजर आणि नाईलच्या खोऱ्यापर्यंत ती सापडते. टायगरफिश म्हटलं की गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हीच येते. हायड्रोसायनस फोर्स्काली नाईल, चाड, तुर्काना या बाजूची. हायड्रोसायनस ब्रेव्हिस साहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या नद्यांची. टांझानियातल्या रुफिजी आणि रुवू नद्यांमध्ये स्वतंत्र जात आहे, तिचं शास्त्रीय वर्णन बरंच उशिरा, १९८६ साली झालं. पाचवी गोलियथ, काँगो खोऱ्यातली. तिच्याबद्दल पुढे.

व्हिटाटस हातात आली तर ओळखायला सोपी: चांदीसारखं लांबट अंग, खवल्यांच्या ओळींवरून डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या काळ्या रेघा, खोल दुभंगलेली शेपटी, पिवळसर ते रक्तासारखे लाल पर. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो, तो पाहायचा. व्हिटाटसमध्ये तो काळा असतो, फोर्स्कालीमध्ये फिकट. नाईलवर दोन्ही जाती एकाच जाळ्यात येतात, तिथे ही खूण उपयोगी पडते. माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. गळाला लागणारे बहुतेक मासे दोन-तीन किलोपर्यंतचे. दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोंचा मासा मिळाला की माणूस वर्षभर तेच सांगत फिरतो. या जातीचा गळावरचा जागतिक विक्रम १६.१ किलोंचा, कारिबा सरोवरातला, २००१ सालचा.

मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोंबद्दल एक सूचना. खालच्या जबड्यातून दोनच लांबलचक सुळे वर आलेले दिसले, तर तो पायारा. तो दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन-ओरिनोकोकडचा मासा, आणि टायगरफिश म्हणून त्याचे फोटो सर्रास खपवले जातात. तसंच मुंबई-पुण्याच्या मत्स्यालयाच्या दुकानांत ‘टायगर फिश’ म्हणून मिळतो तो अंगावर उभे काळे-पिवळे पट्टे असलेला मासा बहुधा आग्नेय आशियातला डॅटनिऑइडिस. त्याचा या लेखातल्या माशाशी काही संबंध नाही.

जबडा जवळून

दात शंकूसारखे, किंचित चपटे, कडांना धार. वरचे आणि खालचे दात समोरासमोर न येता एकाआड एक बसतात, त्यामुळे तोंड मिटल्यावर ते एकमेकांच्या फटींत जातात आणि टोकं बाहेर दिसत राहतात. पकड बसली की निसटायला जागा उरत नाही. गालफडांवर पातळ पण टणक हाडांचे पत्रे आहेत, त्यांच्या आत जबडा आवळणारे जाड स्नायू. मऊ मांस तोंडात जवळजवळ नाहीच. हे लक्षात ठेवा, गळाच्या वेळी हीच अडचण होते.

दात झिजतात, तुटतात, म्हणून बदलले जातात. बदलण्याची पद्धत वेगळी आहे. जुन्या दातांच्या मागे, हिरडीच्या आत, नव्या दातांचा संच आधीच तयार होत असतो. वेळ आली की जुने दात थोड्याच दिवसांत एकापाठोपाठ गळून पडतात आणि नवे त्यांच्या जागी उभे राहतात. असं आयुष्यात अनेकदा होतं. मधल्या काही दिवसांत बोळक्या तोंडाचा टायगरफिश जाळ्यात सापडतो. तो आजारी नसतो.

डोळ्यांवर पुढून आणि मागून चरबीची पारदर्शक पापणी असते. वेगाने पोहणाऱ्या बांगड्यासारख्या समुद्री माशांतही ती दिसते. अंग लांबट, शेपटी दुभंगलेली, पापणी अशी, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं: हा दबा धरून बसणारा मासा नाही. आपल्याकडचा मरळ पाणवनस्पतीत स्थिर राहतो आणि शिकार जवळ आली की झेप घेतो. टायगरफिश मोकळ्या, वाहत्या पाण्यात हिंडतो, पाठलाग करतो आणि वेगावर जिंकतो.

या जगण्याला दोन अटी आहेत. पाण्यात प्राणवायू भरपूर हवा आणि पाणी कोमट हवं. वीस अंश सेल्सियसच्या खाली पाणी उतरलं की मासा मंदावतो. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या नद्यांतले टायगरफिश म्हणूनच हिवाळ्यात खालच्या, उबदार पट्ट्यात उतरतात.

लहान असताना आहार वेगळा. पिल्लं आधी पाण्यातले सूक्ष्म जीव खातात, मग कीटक, आणि काही सेंटीमीटरची झाली की माशांवर येतात. पुढे स्वतःच्या जातीतलं छोटं पिल्लूही सोडत नाहीत. टायगरफिशच्या थव्यात सगळे मासे साधारण एकाच मापाचे दिसतात, त्यामागे हे कारण आहे. मापात फरक पडला की सोबत्याचा घास होतो.

भिंगऱ्या पकडणारा मासा

लिंपोपो खोऱ्यातला टायगरफिश उडत्या पक्ष्यांना खातो अशी चर्चा विसाव्या शतकातही होती, पण पुरावा नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेवर मापुंगुब्वे राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातल्या श्रोडा धरणावर संशोधक टायगरफिशना रेडिओ ट्रान्समीटर लावून त्यांच्या हालचाली पाहत होते. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांना जलाशयावर खालून उडणाऱ्या माळभिंगऱ्या मासे हवेत झेप घेऊन पकडताना दिसले, आणि ते चित्रितही झालं. दिवसाला वीसपर्यंत पक्षी जात होते. २०१४ साली ‘जर्नल ऑफ फिश बायॉलॉजी’मध्ये हे प्रसिद्ध झालं. गोड्या पाण्यातला मासा उडता पक्षी पकडतो, याची ही पहिली पक्की नोंद.

मासे दोन प्रकारे झेप घेत होते. काही पाण्याच्या वरच्या थरात पक्ष्याच्या मागे पोहत जाऊन उसळत. काही खोलातून थेट वर येत. दुसऱ्या प्रकारात एक अडचण असते. पाण्यातून हवेत पाहताना प्रकाश वळतो, त्यामुळे पक्षी असतो त्या जागी दिसत नाही. शिवाय तो पुढे सरकत असतो. मासा या दोन्हींची भरपाई करून झेपतो. वरवर पोहणारा मासा दृष्टिभ्रमातून सुटतो, पण भिंगरीला तो दिसण्याची शक्यता वाढते.

माळभिंगरी तीच, जी हिवाळ्यात आपल्याकडे शेतांवर, विजेच्या तारांवर ओळीने बसलेली दिसते. जात एकच, फक्त स्थलांतराचे मार्ग वेगळे. आफ्रिकेत उतरणाऱ्या भिंगऱ्या बव्हंशी युरोपातून येतात. आणि वीस-एक ग्रॅमचा हा पक्षी दोन-तीन किलोंच्या माशाच्या गिळण्याच्या मापात अगदी व्यवस्थित बसतो.

नदीची चाळणी

आता मुख्य मुद्दा. १९६१ साली पी. बी. एन. जॅक्सन या मत्स्यशास्त्रज्ञाने मांडलं की आफ्रिकेतल्या नद्यांमधले मासे जसे वागतात त्यामागे टायगरफिशचा धाक हे मोठं कारण आहे. त्याचं म्हणणं असं: टायगरफिश असलेल्या नदीत मुख्य प्रवाह ही चाळणी आहे. गिळता येणार नाही एवढा मोठा झालेला मासाच तिथे टिकतो. त्याखालच्या मापाच्या प्रत्येकाला आडोसा हवाच.

आडोसा कुठे मिळतो? पूरमैदानात. झांबेझीच्या वरच्या अंगाला बारोत्से मैदान आहे, पावसाळ्यानंतर तिथे मैलोन् मैल गवत पाण्याखाली जातं. या उथळ पाण्यात सडणाऱ्या वनस्पतींमुळे प्राणवायू कमी पडतो, विशेषतः पहाटे. टायगरफिशला ते सोसत नाही. मागूरसारखे मासे वर येऊन हवा घेतात. चिलापीच्या जातभाई पृष्ठभागालगतच्या थरातलं पाणी कल्ल्यांवरून फिरवून निभावून नेतात. इतर जातींची पिल्लं दाट गवतात शिरतात, जिथे पाठलाग करणाऱ्याचा वेग फुकट जातो. म्हणजे हे मैदान सगळ्यांना खुलं आहे, फक्त सर्वांत भयंकर शिकाऱ्याला तिथे फार आत जाता येत नाही.

यातून अंडी घालण्याचं वेळापत्रक ठरतं. पुराच्या सुरुवातीला अंडी घातली तर पिल्लांना गवतात महिनोन् महिने वाढायला मिळतं. पाणी ओसरून प्रवाहात परतण्याची वेळ येईपर्यंत त्यातली काही तरी मापाच्या बाहेर गेलेली असतात. उशीर केला तर पाणी उतरताना बोटभर पिल्लं थेट टायगरफिशसमोर येतात. पूर लांबला, उंच चढला, तर त्या वर्षीची पिढी मोठी निघते. पूर आखडला की मासेमारीत पुढे त्याची तूट दिसते. पुरामुळे खाणंही वाढतं, हे खरं. सगळं श्रेय टायगरफिशच्या धाकाला देणं ही अतिशयोक्ती होईल. पण आडोशाचा हा धागा काढून टाकला तर वेळापत्रकाचा नीट उलगडा होत नाही.

पडताळा पाहायचा तर टायगरफिश नसलेल्या जागा पाहाव्यात. कफुए ही झांबेझीची उपनदी, पण तिच्या घळईतल्या धबधब्यांमुळे टायगरफिश वर चढू शकला नाही. मलावी सरोवराचं पाणी शिरे नदीतून झांबेझीला मिळतं, तरी मधल्या धबधब्यांनी वाट अडवली. कुनेने नदीतही तो नाही. मलावीत किनाऱ्याच्या खडकांवर आणि खुल्या पाण्यात लहान लहान माशांच्या शेकडो जाती उघड्यावर वावरतात. त्यामागे इतरही कारणं आहेत. टांगानिका सरोवरात टायगरफिश असूनही जाती भरपूर आहेत. म्हणून ‘टायगरफिश नाही, म्हणून जाती फोफावल्या’ असं सरळ समीकरण मांडू नये. मापाच्या चाळणीचा परिणाम नदीत सर्वांत स्वच्छ दिसतो, तळ्यात तो इतर गोष्टींत मिसळतो.

यात आपल्या ओळखीचा एक मासा आहे. उजनीच्या पाण्यातून बाजारात येणारी चिलापी, म्हणजे मोझांबिक तिलापिया, मूळची झांबेझीच्या खालच्या अंगाची आणि लिंपोपोची, टायगरफिशच्या शेजारातली. भारतात ती १९५२ साली आणली गेली. पिल्लं तोंडात सांभाळणं, उथळ काठाला राहणं, लहान वयातच अंड्यावर येणं, या सवयी तिने अशा नद्यांत कमावल्या. आपल्या तलावांत ती इतकी झपाट्याने का पसरली, याचं थोडं उत्तर त्यात असावं.

टायगरफिश स्वतःही या चाळणीतून सुटत नाही. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास प्रौढ मासे नदीत वर चढतात आणि डिसेंबर-जानेवारीत पुराच्या पाण्यात अंडी घालतात. अंडं पाऊण मिलिमीटरहूनही लहान, किंचित चिकट, तळाशी बसणारं. मोठी मादी साडेसात लाखांच्या वर अंडी देऊ शकते. साधारण एका दिवसात अंडी फुटतात, आणि ही पिल्लंही बुडालेल्या गवताच्या आडोशालाच वाढतात. जगली वाचली तर आयुष्य लांब: ओकावांगोतल्या काही माशांचं वय वीस वर्षांच्या आसपास निघालं आहे.

ओकावांगोत पाणी उतरताना

चाळणी काम करताना डोळ्यांनी बघायची तर बोत्सवानातल्या ओकावांगो नदीच्या वरच्या चिंचोळ्या पट्ट्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर. अंगोलातून आलेला पूर ओसरलेला असतो. मैदानात वाढलेले छोटे मासे प्रवाहात ढकलले जातात आणि काठच्या पपायरस या उंच पाणगवताच्या मुळांत शिरून बसतात. तिथे मागूर माशांच्या झुंडी येतात, शेकड्यांनी. ते प्रवाहाविरुद्ध काठाकाठाने सरकतात, पपायरसच्या मुळांवर शेपट्या आपटतात आणि लपलेल्यांना बाहेर हुसकतात. आवाज लांबवर ऐकू येतो. मुळांतून बाहेर पडलेल्या माशाला दोनच वाटा: मागूरच्या तोंडात, किंवा मोकळ्या पाण्यात. मोकळ्या पाण्याच्या कडेला टायगरफिश थांबलेले असतात. वर बगळे, मत्स्यगरुड, काठाला मगर. या झुंडींमागे बोटी फिरवणं हा तिथल्या गळ टाकणाऱ्यांचा हंगामाचा धंदा.

हा मागूर म्हणजे आपल्याकडे ‘थाई मांगूर’ नावाने चोरून विकला जातो तोच आफ्रिकी मासा. नावातलं थाई फसवं आहे. भारतात त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे. झुंडीने काठ उपसून काढणारा हा मासा परक्या नदीत काय करेल, हे ओकावांगोत पाहिल्यावर बंदीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

कारिबा: नदीचं तळं झालं तेव्हा

झांबेझीवर कारिबा धरणाची १२८ मीटर उंच भिंत उभी राहिली. डिसेंबर १९५८मध्ये पाणी अडलं आणि १९६३पर्यंत तळं भरलं. लांबी २८० किलोमीटरच्या आसपास. नदीचे मासे उथळ काठांना गोळा झाले. मधलं अफाट खुलं पाणी रिकामं पडलं, कारण तळ्याच्या मध्यावर राहणारा लहान मासा झांबेझीत नव्हताच. म्हणून १९६७-६८मध्ये टांगानिका सरोवरातून कपेंटा हा बोटभर मासा आणून सोडला. तो प्राणिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतो आणि झपाट्याने वाढतो.

टायगरफिशच्या दृष्टीने कपेंटा म्हणजे खुल्या पाण्यात, योग्य मापाचं, न संपणारं अन्न. पाहता पाहता त्याचा आहार कपेंटाकडे वळला. रात्री दिवे लावून कपेंटा पकडणाऱ्या तराफ्यांखाली टायगरफिशही जमतात आणि कधी कपेंटाबरोबर जाळ्यात येतात. पुढे कपेंटा वाहत खाली काहोरा बासा तलावातही पोचला. माणसाने आणलेला मासा असा सहजी जमून जातो, असं मात्र यावरून समजू नये. इथे एक कोनाडा खरोखर रिकामा होता. अंडी घालायला टायगरफिश आजही सान्याती, उमे यांसारख्या कारिबाला मिळणाऱ्या नद्यांत चढतात. धरणाचं पाणी भरपूर, पण पुराचं पाणी लागतंच.

गोलियथची गोष्ट याच्या उलट. ही जात काँगो, लुआलाबा, उपेम्बा आणि टांगानिका इथली. स्थानिक नाव म्बेंगा. लांबी सव्वा मीटरच्या वर जाते, वजन पन्नास किलोंपर्यंत नोंदलं गेलंय. गळावरचा विक्रम ४४ किलोंचा, १९८८चा. किन्शासाच्या खाली काँगो नदी सेकंदाला सरासरी चाळीस हजार घनमीटर पाणी घेऊन खडकांतून धावते आणि काही ठिकाणी दोनशे मीटरपेक्षा खोल आहे. अशा उसळत्या पाण्यात लहान मासे ओढले जातात, दिशा चुकतात, आणि त्यातही नेम धरून पोहू शकणारा मोठा मासा मजेत राहतो. माणसांवर हल्ल्याच्या कहाण्या भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेकांना अंधारातल्या घाबरगुंडीपलीकडे आधार नाही. बोटं जातात ती बोटीत, गळ काढताना.

गळ टाकायचा असेल तर

झांबेझी किंवा चोबे नदीवर मुक्काम ठरवणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढते आहे, म्हणून थोडं कामाचं. हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरपासून पाऊस पडेपर्यंतचा. पाणी तापलेलं, ओसरलेलं आणि स्वच्छ असतं. नदीत पाणी गढूळ झालं की टायगरफिशला दिसत नाही आणि घास थांबतो.

रॉड साडेसहा-सात फुटी, मध्यम ते भारी. रील तीन-चार हजार मापाचं. तीस पौंडांच्या पुढची विणलेली लाईन. आणि गळाआधी पोलादी तारेचा तुकडा, वीस-तीस सेंटीमीटर. तारेशिवाय टाकलात तर लुअर, म्हणजे नकली आमिष, गेलाच समजा. नायलॉन कितीही जाड घ्या, दात लागले की संपलं. प्रत्येक माशानंतर तारेवरून बोट फिरवून पाहायचं. पीळ पडला असेल किंवा एखादी शीर तुटली असेल तर तुकडा बदलायचा. पीळ पडलेली तार पुढच्या हिसक्याला तिथेच तुटते.

लुअरमध्ये फिरते स्पिनर, चमचे, दहा-बारा सेंटीमीटरचे माशाच्या आकाराचे लुअर चालतात. त्यांच्यासोबत येणारे तिहेरी गळ बहुधा कमकुवत असतात, जबड्यात चेपले जातात. आधीच जाड तारेचे लावून घ्यावेत. जिवंत किंवा कापलेलं आमिष वापरायचं तर छोट्या माशाची बोटभर फीत, लांब दांड्याचा ४/० किंवा ५/० गळ. कारिबावर एकाच गळात पाच-सहा कपेंटा ओवतात. फ्लाय, म्हणजे पिसा-धाग्यांचं हलकं नकली आमिष टाकणाऱ्यांना आठ-नऊ नंबरचा रॉड लागतो, तिथेही तार हवीच.

मासा लागणं सोपं, बोटीत आणणं कठीण. तोंडात सगळीकडे हाड, गळ रुतायला जागा नाही. बोथट गळ हाडावरून घसरतो आणि टायगरफिशच्या पहिल्याच उडीत बाहेर फेकला जातो. कानशीने गळाला धार लावत राहणं हा कंटाळवाणा उद्योग आहे, पण दिवसभराचा निकाल त्यावर ठरतो. हिसका जाणवला की जोरात मारून घ्यायचं, दोनदा. मासा पाण्याबाहेर उडी घेईल तेव्हा रॉडचं टोक खाली, पाण्याकडे, आणि लाईन ताणलेली. टोक वर ठेवलं तर मासा हवेत डोकं झटकतो, लाईन ढिली पडते, गळ सुटतो. फ्लायवर तर रॉड उचलायचाच नाही, हाताने लाईन ओढून गळ रुतवायचा. एवढं करूनही निम्म्याहून अधिक मासे सुटतात. सुटू द्यावेत.

सोडायचा असेल तर आधीच गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. लढत लांबवू नका. मासा जितका मोठा तितका तो जास्त दमतो, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने सावरायला त्याला वेळ लागतो. लांब टोकाचा चिमटा हातात तयार ठेवा, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा. जबड्यात पकड अडकवून उभा लटकवून वजन केलं की सांध्यावर सगळा भार येतो. पोटाखाली हात द्यावा, किंवा ओल्या झोळीत ठेवून वजन करावं. मग तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, कल्ले नीट हलायला लागून तो स्वतः जोर करून निघेपर्यंत. निसटलेला दमलेला मासा पोट वर होऊन उलटा झाला, तर मगर किंवा मत्स्यगरुड वाट पाहत असतातच.

खायला? चव चांगली, पण मांसात बारीक काट्यांची गर्दी, आपल्या पाला (हिलसा) माशासारखी. दोन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर अंतराने आडव्या चिरा पाडून तळला की काटे कुरकुरीत होऊन खपून जातात. नदीकाठी तो मीठ लावून वाळवतातही.

खाण्याबाबत एका नदीचं नाव घ्यायला हवं. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर उद्यानाच्या उत्तर टोकाला लुवुव्हू नदी आहे. तिच्या वरच्या खोऱ्यात मलेरियासाठी घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी फवारतात. त्यातलं काही पावसाबरोबर नदीत येतं आणि चरबीत साठतं. किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात, प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा वाढत जाते, आणि शेवटच्या पायरीवर टायगरफिश असतो. या नदीतल्या टायगरफिशमध्ये डीडीटीचं प्रमाण तिथल्या गोड्या पाण्यातल्या माशांमध्ये सर्वाधिक नोंदींपैकी एक निघालं.

त्याच पट्ट्यातल्या नद्यांवर बंधारे आणि धरणं आहेत. ओलिफांट्सवर सीमेपलीकडे मोझांबिकमध्ये मासिंगिर धरण आडवं आहे. हिवाळ्यात उबदार पाण्याकडे उतरायचं आणि पावसाळ्याआधी वर चढायचं, हे दोन्ही तिथे तुटलं. संपूर्ण आफ्रिकेचा हिशेब धरला तर जात धोक्यात नाही, पण अशा एकेका नदीतून ती निघून जाते.

दक्षिणेकडची तिची शेवटची वस्ती फोंगोलो नदीत आहे, क्वाझुलू-नाताल प्रांतात. वरच्या पोंगोलापोर्ट धरणात, म्हणजे जोझिनी तलावात, मासे चांगले वाढतात आणि अंडी घालायला तलावाच्या वरच्या नदीत जातात. भिंतीखालच्या माशांना मात्र धरणातून मुद्दाम सोडलेल्या पुरावर अवलंबून राहावं लागतं. वसंत ऋतूत पाणी सोडलं की खालच्या सखल डबक्यांत पाणी भरतं. शेतकऱ्यांना ते एका वेळी हवं असतं, मासेमारांना दुसऱ्या. पाणी फार लवकर सोडलं तर मासे अंड्यांवर आलेले नसतात. चार दिवसांत झटकन बंद केलं तर अंड्यांतून निघालेली पिल्लं नदीपासून तुटलेल्या डबक्यांत अडकतात आणि ती डबकी आटतात. म्हणून पाणी हळूहळू चढवून हळूहळू उतरवावं लागतं, आणि उतरतं पाणी गवताच्या पट्ट्यात पुरेसे दिवस थांबावं लागतं, पिल्लं निदान प्रवाहात टिकण्याइतकी होईपर्यंत.